ठमाईची म्हैस

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. नेमकी किती ते विचारू नका. उंबरघळीत कुणी शंभर सांगतं, कुणी तीनशे, आणि एक म्हातारबुवा तर सांगायचे की तेव्हा समोरचा डोंगर अजून लहान होता. डोंगराचं जाऊ द्या. वळकी नदी मात्र तेव्हाही आजच्यासारखीच गावाला वळसा घालून जायची, आणि त्या वळणावर केरबा बुरडाचं घर होतं. त्या घरात ठमा सून म्हणून आली.

आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली होती. टोपली कसली, कोंबडीच ती! रानातल्या वेलींची विणलेली. चोच, तुरा, पंख सगळं जागच्या जागी, पाठीला झाकण आणि पोटात माहेरचे लाडू. केरबाचा कोंबडा तिला बघून असा भुलला की तीन दिवस तिच्याभोवतीच घुटमळत राहिला, असं म्हणतात. चौथ्या दिवशी त्याला खरा प्रकार कळला. मग लाजेने तो आठवडाभर आरवला नाही, आणि सगळं गाव आठवडाभर उशिरा उठलं.

केरबाचं काम बांबूचं आणि सरळ. सुपं, टोपल्या, धान्याच्या मोठाल्या कणग्या. त्याने विणलेल्या कणगीतून मुंगीलाही वाट मिळत नसे. ठमाचा जीव मात्र वेलींत. हातात वेल घेतली की ती आधी नुसती बसून राहायची. वेल कुठल्या अंगाला वळते ते बघायची आणि ती वळेल तिकडे हात न्यायची. त्यामुळे व्हायचं काय, की सूप विणायला बसलेली ठमा उठायची तेव्हा तिच्या मांडीवर कासव असायचं.

"अगं, सूप सांगितलं की कासव, टोपली सांगितली की घुबड!" सासू भागूबाई कपाळाला हात लावायची. "लोकांनी धान्य कशात पाखडायचं? घुबडात?"

"आत्याबाई, मी सूपच विणत होते," ठमा म्हणायची. "वेलीच्या मनात कासव होतं."

नवरा सिदू मूग गिळून बसायचा. बायकोचं बरोबर म्हणावं तर आई चिडते, आईचं म्हणावं तर रात्रीच्या भाकरीची पंचाईत. गावातल्या बायका मात्र भागूबाईची नजर चुकवून यायच्या. कुणी कांद्यांसाठी मोर मागून न्यायची, कुणी बाळाला निजवायला ससा. पाटलीणबाईंनी तर लोणच्याच्या बरण्या ठेवायला हत्ती नेला, आणि त्या हत्तीने त्या बरण्यांना मांजराचं नख लागू दिलं नाही, असं म्हणतात.

आता बुरडांचा एक नियम होता. पावसाळ्याचे चार महिने बांबू तोडायचा नाही, वेलही तोडायची नाही. ओल्या दिवसांत तोडलेल्या वेलीला कीड लागते, आणि रानालाही वाढायला चार महिने द्यावे लागतात. मृग लागला की केरबा कोयता आढ्याला टांगायचा, तो दसऱ्यालाच खाली काढायचा.

त्या वर्षी कोयता आढ्याला गेला आणि ठमाची बोटं शिवशिवायला लागली. घराशेजारी काठावर एक जुना उंबर होता. त्याच्या मुळाशी मनगटाएवढी पळसवेल रुजली होती. ती उंबरावर चढून घराच्या छपरावर वेढ्यावर वेढे घालून पसरली होती, आणि तिचे शेंडे बांबूच्या विणलेल्या कुडाच्या भिंतीतल्या फटीतून पडवीत उतरले होते. ठमा भाकरी करता करता त्या शेंड्यांकडे बघायची. एक दिवस राहवलं नाही. तिने वेल तोडली नाही. तशीच, उंबराशी रुजलेली, जिवंत वेल ओढून घेतली आणि विणायला बसली.

केरबाने पाहिलं. "सूनबाई, चार म्हैनं वेल तोडायची न्हाई म्हणून सांगितलं हुतं ना?"

"तोडली कुठं, मामंजी? नुसती विणतीया."

केरबा चिलीम घेऊन बाहेर गेला.

पण वेल जिवंत होती. ठमा दोन वेढे विणायची तोवर वेल चार वेढे पुढे सरकायची, असं म्हणतात. आठ दिवसांत खूर झाले, पंधरा दिवसांत पोट झालं, आणि महिना संपता संपता पडवीत एक म्हैस उभी राहिली. खऱ्या म्हशीच्या दुप्पट, मागे वळलेली शिंगं, पाठीवर टोपलीसारखं उघडं तोंड, आत चार माणसं बसतील एवढं. कणगीला सारवतात तसं ठमाने तिला आतून शेणामातीने सारवलं. बाहेरून पिवळी दिसत होती, आणि पिवळी म्हैस कुणी पाहिलीय? म्हणून तिने राळ वितळवली, तिच्यात काजळी कालवली आणि म्हशीला काळीभोर केली. शेपटी तेवढी वेगळी करावी लागली नाही. उंबराकडून छपरावरून आलेली वेल म्हशीच्या मागच्या अंगाला जिथे मिळत होती, तीच शेपटी.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ही दारातून निघत नाही.

निघणं सोडा, म्हशीने दारच अडवलं. घरातल्यांना तिच्या पोटाखालून रांगत आत-बाहेर करावं लागे. भागूबाई रांगता रांगता विचारायची, "का गं, दूध किती देती म्हणायची ही?" सगळं गाव हसायला यायचं. तरीही केरबाने ते चालवून घेतलं. पण एकदा पाटील स्वतः कणगी सांगायला आले, रांगताना त्यांचं पागोटं म्हशीच्या खुरात अडकलं आणि गावच्या पाटलाचं टक्कल चारचौघांत उघडं पडलं. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या कोयता काढतो," पाटील गेल्यावर तो म्हणाला. "नियम मोडला तर मोडला. म्हस तोडायची. आन् हितनं पुढं ह्या घरात पाय असलेली वस्तू विणायची न्हाई. सुपाला पाय नसत्यात, सूनबाई."

ठमाला जेवण गेलं नाही. म्हैस गेली असती तर तिने दुसरी विणली असती. पण यापुढे वेलीचं मन बघायचंच नाही म्हणजे हात असून नसल्यासारखे. तिला फार वाईट वाटलं. ती म्हशीच्या गळ्याला हात टाकून बसली आणि मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाई आणि गावातल्या दहा बायका डोणीत बसून नदीपार भातलावणीला गेल्या. डोण म्हणजे लाकडाची कोरलेली होडी, गावात एवढी एकच. दुपारी डोंगरावर आभाळ फाटलं. गावात थेंब नाही, पण वळकी फुगली. बघता बघता बांध बुडाले, डोण खुंटासकट वाहून गेली. अकरा जणी पलीकडच्या टेकाडावर चढल्या, आणि पाणी त्यांच्यामागून टेकाडावर चढायला लागलं.

अलीकडच्या काठावर सगळं गाव जमलं. नुसता आरडाओरडा. सिदूने पाण्यात उडी टाकली, त्याला पाण्याने परत काठावर आणून आपटलं. केरबा पडवीत उभा होता. म्हैस तोडायला काढलेला कोयता त्याच्या हातातच राहिला होता, आणि समोर बायको बुडत होती.

ठमा पाण्याकडे बघत होती. वेलीकडे बघायची तशीच, कुठल्या अंगाला वळतंय ते. एक ओंडका घरासमोरून गेला, वळणावर तिरका झाला आणि नेमका टेकाडाला जाऊन लागला. मागून दुसरा आला, तोही तिथेच गेला.

"मामंजी," ती म्हणाली, "म्हस तरंगल. राळ लावलीया तिला."

"तरंगल गं बाई! पर दारातनं निघल कशी?"

केरबाने म्हशीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कोयता उचलला. ठमाने डोळे मिटले. कडाड् आवाज झाला. तिने डोळे उघडले तेव्हा म्हैस जशीच्या तशी उभी होती आणि केरबा स्वतःच्या घराचा कुड तोडत होता. आयुष्यभर विणत आलेल्या माणसाला उसवायला कितीसा वेळ लागतो! पाच-सात घावांत नदीकडची अख्खी भिंत आडवी झाली.

गडीमाणसं धावली. म्हैस पाण्यापर्यंत ढकलली, ठमा काठी घेऊन आत चढली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मागून वेल अडकलीया! तोडा ती!"

केरबाने पुन्हा कोयता उगारला. ठमाने वेलीवर आपला हात आडवा ठेवला. "मामंजी, ती शेपटी हाय! शेपटीला धरूनच म्हस घरी आणायची हाय!"

केरबाने कोयता नदीत फेकून दिला.

म्हैस पाण्यात उतरली आणि डौलात निघाली. छपरावरचे वेढे एकामागून एक सुटायला लागले, त्यांच्याबरोबर घराचं गवत उडायला लागलं. वळणावर म्हैस तिरकी झाली, टेकाडाकडे वळली आणि थांबली. वेल संपली होती. टेकाड अजून पंधरा हात लांब होतं आणि बायका कमरेएवढ्या पाण्यात.

ठमाने शेपटीवर हात ठेवला. "बाई गं, म्हैनाभर तुला तुझ्या मनानं जाऊ दिलं. आज माझ्या मनानं चार पावलं चल."

आणि वेल वाढली, असं म्हणतात. शहाणी माणसं सांगतात की वेल वाढली नसेल, काठावरचा उंबर वाकला असेल. वाकलाही असेल. पण काठावर उभ्या असलेल्यांनी ताणलेल्या वेलीवर कोवळी पालवी फुटताना डोळ्यांनी पाहिली, आणि म्हशीचं नाक टेकाडाला लागलं.

पहिल्या खेपेला चौघी बसल्या. गावाने शेपटी धरून ओढायला सुरुवात केली. जाताना शिंगं पुढे आणि येताना शेपटी पुढे, अशी ती जगातली पहिलीच म्हैस असेल. दुसऱ्या खेपेला आणखी चौघी आल्या. तिसऱ्या खेपेला भागूबाई सगळ्यांत शेवटी राहिली. पाणी छातीला लागलं होतं, तरी हातातली भाताच्या रोपांची जुडी तिने सोडली नव्हती.

"आत्याबाई, बसा!"

भागूबाई शिंगांना धरून वर चढली. वेताच्या काठीसारखी ताठ बाई, पण सुनेच्या गळ्यात पडून लेकरासारखी रडली. अर्धी नदी पार झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हशीच्या शिंगावरून हात फिरवला. "शिंगं चांगली जमल्यात गं," ती म्हणाली. तिच्या तोंडून सुनेच्या विणीचं हे पहिलं कौतुक. त्या वेळी ठमा एवढी मोठ्याने हसली की गाव पुरातही ते हसू ऐकत राहिलं, असं म्हणतात.

त्या वर्षी पळसवेल श्रावणातच फुलली. एरवी फाल्गुनाशिवाय तिला फूल येत नाही. काठावर ठेवलेली म्हैस शिंगांपासून खुरांपर्यंत केशरी झाली. केरबाने घराचा कुड पुन्हा उभारला, पण दार म्हशीच्या मापाचं ठेवलं. आणि दसऱ्याला नवा कोयता घेऊन तो बसला तो दिवसभर उठला नाही. संध्याकाळी त्याने सुनेपुढे एक सूप ठेवलं. सूप नेहमीसारखंच होतं, घट्ट आणि सरळ. फक्त त्याला खाली चार पाय होते.

पुढे ठमाची ठमाई झाली. लांबलांबच्या गावांहून माणसं यायची, कुणी घोडा मागायचं, कुणी मगर. ती सगळ्यांना एकच सांगायची, बघू, वेलीच्या मनात काय आहे ते. खूप म्हातारी झाल्यावर एक दिवस ती वेली बघायला डोंगरात गेली आणि परत आली नाही. लोक शोधायला गेले तर एका झाडावर वेली आपोआप वळून एक मोठं घरटं विणत होत्या, असं म्हणतात. लोकांनी हात जोडले आणि ते माघारी आले.

आज काठावर म्हैस आहे. विणलेली कुठली आणि उगवलेली कुठली ते आता कळत नाही. दिवाळीच्या पाडव्याला उंबरघळीत गोठ्यातल्या म्हशी नंतर सजतात, आधी हिच्या शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लावतात. गावात आलेली प्रत्येक नवी सून तिच्या अंगात वेलीचा एक वेढा विणते, आणि त्या दिवशी सासूने सुनेच्या हातच्या कशाला तरी चांगलं म्हणायचंच असतं. काही सासवांना ते फार जड जातं, पण म्हणावं लागतं.

आणि उंबरघळीची टोपली कुठेही ओळखा. लहान असो, मोठी असो, वेलीचं एक टोक कापायचं नाही, हातभर तसंच लोंबतं ठेवायचं. बाजारात एखादं नवखं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "मावशी, एवढी सुबक टोपली विणली, मग ही शेपटी का ठेवली?"

बुरडीण हसते. टोपली त्याच्या हातात देते, आणि शेपटीही त्याच्या मुठीत देते.

"धरायला," ती म्हणते.