राजाचे झिजलेले जोडे

ही कथा मी १७ मार्च २०१९ रोजी, रविवारी सकाळी, कुडाळजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात ऐकली. सांगणारे गुणाजी पालव. दशावतारी खेळांत चाळीस वर्षे राजाची भूमिका केलेले. क्रम त्यांचा आहे, भाषा माझी.

एका राज्यात केतुवर्मा नावाचा राजा होता. तो चाले तेव्हा वाटेवरचा वारादेखील बाजूस सरे. एका मांत्रिकाने वैराने त्याची राजमुद्रा डोंगरातल्या गुहेत कोंडली, दारावर बोलकी साळुंकी बसवली आणि शाप दिला, की केतुवर्म्यावाचून जो कोणी हे दार उघडू पाहील तो दगडाचा खांब होईल. मुद्रा आणण्यास निघण्यापूर्वीच राजा रणात पडला. मुद्रेवाचून राजकन्येला अभिषेक होईना, आणि अभिषेकावाचून राज्यात न्याय होईना.

त्याच नगरीत हंसावती नावाची नटी होती. आईबाप गेल्यावर धाकटा भाऊ सारंगधर याला तिनेच वाढवले, तिनेच रंगभूमीवर उभे केले. तिने राजाचा मुकुट घातला, राजाचा स्वर लावला. प्रधानही क्षणभर फसून वाकले. ती गुहेकडे गेली आणि परतली नाही.

सारंगधर शोधीत गेला. दारापाशी तेरा खांब होते. तेराव्याच्या कपाळावरचे गंध अजून ओले होते.

त्याने साळुंकीला बहिणीचा दोष विचारला. साळुंकी म्हणाली, "ती चालली. तिने तलवार उचलली. तिसऱ्या वेळी चुकली. दार उघडेल तर खांब सुटतील. याहून अधिक सांगण्याची मला मुभा नाही."

राजाचा रंग चढवून तो राजाचे जोडे शिवणाऱ्या वृद्ध गिरमाजीकडे गेला. गिरमाजीने त्याच्या चेहऱ्यावरचा रंग न्याहाळला.

"तोंड रंगवून राजा होतोस काय, बाबा? तुझी बहीणही आली होती. मुकुट कोणी घडवला, एवढेच विचारून गेली."

मग त्याने राजाचे शेवटचे जोडे पुढे ठेवले. उजव्याची टाच नव्यासारखी होती. डाव्याचा तळ पानासारखा पातळ झाला होता. सारंगधराने कारण विचारले.

"मी जोडे शिवतो, कारणे शिवीत नाही. घाल आणि चाल."

तो चालला. पहिल्या दिवशी बाजारातल्या बायांनी त्याला बदकांचा राजा म्हटले. तो झिजलेला तळ नेईल तसा भार टाकीत गेला. नवव्या दिवशी त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. दुखणे दिसू नये म्हणून पावले मंद झाली. पावले मंद झाली तशी पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली, श्वास खोल गेला. समोरून येणारे लोक आपोआप बाजूस झाले. तेव्हा सारंगधर वाटेतच थांबला आणि रडला. ज्याला सारे राज्य ऐश्वर्य म्हणत होते, ते एका माणसाने जन्मभर लपवलेले दुखणे होते.

तीन दिवस डोंगर चढून तो गुहेपाशी आला.

साळुंकी म्हणाली, "चालत ये." तो चालत आला.

"तलवार उचल." सारा भार डाव्या पायावर घेऊन, उजवा गुडघा न वाकवता, त्याने तलवार उचलली.

"आता आसनावर बस."

दारापुढे सोन्याचे आसन होते. तो थकला होता. बसावे असे त्याने ठरवलेही होते. मन आसनाकडे गेले, गुडघा गेला नाही. बसलेल्याला उठावे लागते, आणि उठताना वेदना दिसते. तो तलवारीवर हात टेकून उभाच राहिला.

"का बसत नाहीस?"

"तू सांग तुझे काम," तो शांतपणे म्हणाला. "मी उभा आहे."

दरबार भरे तेव्हा केतुवर्मा आधीच आसनस्थ असे, आणि शेवटचा माणूस गेल्यावरच उठे. त्याला बसताना कोणी पाहिले नव्हते; म्हणून त्याचे दुखणे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

साळुंकीने मान लववली. "बाकीचे सगळे बसले, महाराज."

दार उघडले. खांबांना श्वास फुटला. हंसावतीने डोळे उघडले, समोरची ती पाठ पाहिली, आणि गुडघे टेकून मुजरा केला.

"ताई," तो वळून म्हणाला, "मी आहे."

मुद्रा राजकन्येच्या हाती गेली, अभिषेक झाला, आणि राज्यात पुन्हा न्याय होऊ लागला.

सारंगधराला स्वतःची चाल परत मिळाली की नाही, याची खात्री मात्र मला करता आली नाही. पालवांना मी दोनदा विचारले. पहिल्यांदा ते हो म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "ता माका कोणी सांगूक नाय."