छडीनं सुधारलेल्या कवड्या

उंबरगडचे राजे गंभीरराव यांनी हुकूम काढला, उद्यापासून शेला बंद, सगळ्यांना छडी.

कारण होतं राजांचं गोफणपथक. खांबावरच्या मडक्यावर रोज नेम धरायचा. ज्याचा नेम सगळ्यांत चांगला, त्याला शेला. ज्याचा सगळ्यांत वाईट, त्याला छडी. आणि राजांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की शेलेवाला दुसऱ्या दिवशी घसरतो आणि छडीवाला सुधारतो. मग शेल्यावर पैसा कशाला घालवायचा?

पथकातल्या बाळोजीची बायको ठमाबाई तडक दरबारात गेली. नवऱ्याच्या पाठीवर आधीच वळ होते, नव्या वळांना जागा नव्हती.

"महाराज, छडीनं कुणी सुधारत नाही."

"मग काय आपोआप सुधारतो?"

"हो."

दिवाणजी हसले. राजे हसले नाहीत. "बाई, मारल्यावाचून, शिकवल्यावाचून सुधारलेला एक जण उद्या दाखव. नाही दाखवलास तर नवऱ्याच्या शेजारी तुझीही पाठ."

"एक कशाला, ओटीभर आणते."

दुसऱ्या दिवशी तिनं ओटीतून कवड्या आणल्या आणि दरबारातल्या प्रत्येकाच्या हातात सात-सात दिल्या. "टाका. जितक्या उताण्या पडतील तितका नेम लागला म्हणायचं."

सेनापतींच्या सगळ्या उताण्या पडल्या. दिवाणजींची एकही नाही.

"महाराज, न्याय करा. सेनापतींच्या कवड्यांना शेला, दिवाणजींच्या कवड्यांना छडी."

"कवड्यांना?"

"गुन्हा तर त्यांचाच."

राजांनी सेनापतींच्या कवड्यांवर शेला पांघरला. दिवाणजींच्या कवड्यांना सडकून छडी दिली. एक कवडी उडून पुरोहितांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती गुपचूप परत ठेवली.

"आता पुन्हा टाका."

सेनापतींच्या तीन उताण्या, दिवाणजींच्या चार.

"बघ!" राजे उठून उभे राहिले. "शेल्यानं बिघडल्या, छडीनं सुधारल्या. मी काय सांगत होतो?"

सेनापती छताकडे पाहत होते. राजांनी दिवाणजींकडे पाहिलं, मग कवड्यांकडे, मग हातातल्या छडीकडे.

"आता उलट करा," ठमाबाई म्हणाली. "वाईटाला शेला, चांगल्याला छडी."

पुन्हा सगळ्यांनी डाव टाकला. कोतवालाची एकच उताणी पडली, तिच्यासकट सातही कवड्यांना शेला मिळाला. पुरोहितांच्या सहा पडल्या, त्यांना छडी. पुढच्या डावात कोतवालाच्या वाढल्या, पुरोहितांच्या उतरल्या.

"म्हणजे शेल्यानंही सुधारतात?"

"शेल्यानं नाही आणि छडीनंही नाही. ज्याचा डाव तळाला गेला त्याला आणखी खाली जायला जागा कुठं असते? पुढचा बहुतेक वरच येणार. ज्याचा फार वर गेला त्याचा उतरणार. गोफणीचंही बरंचसं तसंच. एक दिवस वारा आडवा येतो, एक दिवस येत नाही."

"मग इतकी वर्षं छडी मारून मी करत काय होतो?"

"दुसऱ्या दिवसाची वाट पाहत होता, महाराज. मधे आमच्या मालकांची पाठ आली."

राजे हसायला लागले. डोक्यावरचा मंदील सरकला तरी थांबेनात. छडी गुडघ्यावर मोडून म्हणाले, "हिला शेला द्या."

"शेला नको. उद्या माझं डोकं चाललं नाही तर म्हणाल, शेल्यानं बिघडली."

तेव्हा राजांनी दुभती म्हैस दिली. ठमाबाईनं आधी तिची कास पाहिली, मग मुजरा केला.