बघून झालेला चिखल्या

"पण तात्या, चाळीस वर्षांत तुम्ही एकूण किती जाती पाहिल्या असतील?"

मकरंदने हे तिसऱ्यांदा विचारलं.

लवूतात्या कुबल वाळूत उकिडवे बसून समुद्राकडे बघत होते. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढतात, त्यात तात्यांचं काम एकच असायचं. पाण्यावर पक्षी कुठे घिरट्या घालतात ते बघायचं आणि मासळी कुठे आहे ते हाताने दाखवायचं. त्या हातावर पन्नास माणसं दोर ओढत.

"मोजूक नाय रे," ते म्हणाले.

"माझ्या चारशे बारा झाल्या."

तात्यांनी मान डोलावली. बस, तेवढंच.

हा मकरंद म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तात्यांनी आपल्याला शिकवावं म्हणून पुण्याहून आला होता, आणि येताना किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर स्वतः लिहिलेलं पुस्तक घेऊन आला होता. शिकायला येणारा माणूस स्वतःचं पुस्तक आणतो का हो? पण बोलणार कोण! मी आपला त्याच्या कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन एप्रिलच्या दुपारी भाजून निघत होतो.

"तो कोण चलता थंय?" तात्यांनी हनुवटीने दाखवलं.

पाण्याच्या कडेला एक चिमुकला पक्षी पोट ओलं करत तुरुतुरु धावत होता.

"चिखल्या." मकरंदने दुर्बीण उचललीसुद्धा नाही. "तो बघून झालाय. माझ्या यादीत तिसरा."

"बघून झालो?"

"कधीच!"

तात्यांची नजर त्या चिखल्यामागून पाण्यापासून वर, सुक्या वाळूपर्यंत गेली.

थोड्या वेळाने लांब, वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीपाशी पांढरे सुरय पक्षी उतरले. मकरंद ताडकन उठला.

"पावण्या, ओल्या वाळूतसून जा. सुक्या वाळूत पाय घालू नको."

"हो, हो."

हो म्हणाला आणि कॅमेरा डोळ्याला लावून सरळ सुक्या वाळूतून निघाला. आमच्या सासरची मंडळी ही अशी. हो म्हणण्यात एक नंबर.

वीसेक पावलं गेला असेल. इतक्यात त्याच्या पायांतून एक चिखल्या फडफडत निघाला आणि पुढे जाऊन वाळूवर कोसळला. एक पंख लोळवत, लंगडत, केविलवाणं ओरडत सरकायला लागला.

"अरेरे! पंख मोडलाय बिचाऱ्याचा!" मकरंद त्याच्यामागे धावला. एक पाऊल, दोन, तीन, चार...

"रव थंयच!" तात्या गरजले. त्या हडकुळ्या छातीत एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. "पाय उचलू नको!"

"अहो, जखमी आहे तो..."

"सोंग आसा ता. आवस ती. अंडी तुझ्या पायांकडेच खंयतरी आसत."

मकरंदचा चेहरा पांढराफटक पडला.

पिल्लांसाठी पंख मोडल्याचं सोंग घेणारी आई! त्याच्याच पुस्तकात आहे ते, पान चौसष्ट, चित्रासकट. मुद्रितं मीच तपासली होती.

त्याने खाली बघितलं. वाळू. शिंपल्यांचे तुकडे. पुन्हा वाळू. वाळूच्याच रंगाची अंडी, दिसणार कशी?

"भाऊजी," तो मला म्हणाला, "चिरडली असतील तर हो?"

चारशे बाराची ऐट कुठल्या कुठे गेली होती. उरलं होतं ते माझ्या बायकोचं धाकटं भावंड.

"मी इथेच उभा राहतो, तात्या. हलतच नाही."

"ऊन बघ. आवस उठली काय अंडी शिजतत."

उभं राहावं तर अंडी भाजणार, पाऊल टाकावं तर फुटणार.

"मग करू काय?"

"इलंस तसो मागे ये. तुझीच पावलां बघ. जंय पाय पडलो, थंयच परत ठेव."

"आणि पावलाखालीच असली तर?"



"तर ती गेली. उरलली तरी वाचव."

मग तो वाकला. कॅमेरा गळ्यात लोंबत होता, दुर्बीण गुडघ्यांवर आपटत होती. आपल्याच पावलात पाऊल ठेवत उलटा यायला लागला. एक पाऊल. काही नाही. दुसरं. काही नाही.

तिसऱ्यावर थांबला. खाली बघतच राहिला.

"तात्या..."

"फुटली?"

"नाही! तीन आहेत! तिन्ही धड आहेत! माझ्या टाचेपासून चार बोटांवर..."

आणि तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी गळत असताना. मी तिपाई टाकली आणि होतो तिथेच फतकल मारली. हुश्श!

"मागसून मोज," तात्या म्हणाले. "आदी बाजूक हो."

आम्ही लांब, आडव्या पडलेल्या होडीमागे जाऊन बसलो. मी देवाला नारळ बोललो, खोटं कशाला सांगू.

चिखली उठली. दोन्ही पाय ठणठणीत, पंख नीट मिटलेला. धावत पाण्याकडे गेली, पोट भिजवलं, धावत वर आली. थांबली. पुन्हा धावली. आणि अंड्यांवर बसली.

"पाणी घेवन इली," तात्या पुटपुटले. "अंड्यांका गारवो."

मकरंदने छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला.

"पंखाचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "पाण्याचं नव्हतं. मघाशी डोळ्यांसमोर पोट भिजवत होती, आणि मी..."

तात्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

पक्षीण बसली होती, पण मान ताठ होती. काळेभोर डोळे होडीकडे लावून ती आमच्याकडे एकटक बघत होती.

मकरंदने कॅमेऱ्यावर हात ठेवला. मग थांबला आणि अगदी हळू विचारलं, "तात्या, आता एक फोटो घेऊ?"

तात्यांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"रव जरा. आदी तिचा बघून होऊंदे."