झेंडूवरची पंगत

विषय: टोमॅटोच्या मळ्यात पुन्हा झेंडू लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी, की कोणे एके राज्यात एक माळीण होती. टोमॅटोच्या ओळींमधून तिने झेंडूच्या ओळी लावल्या होत्या. सरकारी कोठारातले कीडनाशक तिने कधीच उचलले नाही. हा गुन्हा नव्हता, पण कोठाराला ते शोभत नव्हते. म्हणून चौकशीला एक अधिकारी आला.

मळ्यात पाऊल टाकताच तो दचकला. झेंडूवर अळ्याच अळ्या!

"अरे देवा! बाई, तुम्ही अळ्या पाळता?"

"पाळत नाही रावसाहेब, जेवू घालते. इथं पोट भरलं की टोमॅटोकडं फिरकत नाहीत."

तीस वर्षांच्या नोकरीत त्याने किडीला मारणारे खूप पाहिले होते. पंगत वाढणारी ही पहिलीच. त्याने उभ्या उभ्या हुकूम लिहिला आणि सगळा झेंडू उपटून बांधावर टाकला.

"असं नका करू! आठवड्यावर तोडा आलाय, माझं वर्षाचं पोट आहे त्यावर."

"म्हणून तर वाचवतोय," तो अगदी मनापासून म्हणाला.

आठव्या दिवशी तो कौतुक ऐकायला आला आणि जागीच थिजला. बांधावरच्या उपाशी अळ्या मळ्यात उतरल्या होत्या. भोक नसलेला टोमॅटो औषधालाही सापडेना. घाबरून त्याने कीडनाशक मागवले, दुप्पट मात्रेत फवारले.

सकाळी पाहतो तर अळ्या फळांच्या आत सुखरूप. बाहेर मातीवर मेलेल्या मधमाश्यांचा सडा. त्यातच अळ्या टिपणाऱ्या चिमण्या, पाय वर करून पडलेल्या. त्याने एक उचलली. मान हातातून लोंबली.

"हे... हे मी केलं?"

"हुकमावर सही तुमचीच आहे, रावसाहेब."

त्याच बांधावर बसून त्याने माळणीच्या वतीने अर्ज लिहिला. हुकूम रद्द करावा, झेंडू लावू द्यावा. वरून विचारणा आली: झेंडू हे फूल की औषध? फूल असल्यास देवस्थान खात्याकडे जावे, औषध असल्यास कोठाराकडे. अळ्यांच्या भोजनासाठी खाते नाही.

यातून घ्यायचे तात्पर्य एवढेच: शेतात कोण कोणाला सांभाळून उभे आहे, हे समजल्याशिवाय कोणाला उपटू नये आणि कोणाला मारू नये.

माळणीने नव्या हंगामासाठी टाकलेली रोपे लावणीला आली आहेत. अर्ज प्रलंबित आहे.