एकदांडीचं फूल आणि मानाचा बैल

फार मागची गोष्ट. एके दिवशी सकाळी पाऊस उघडला होता, ऊन लख्ख पडलं होतं आणि कुरणातल्या ओल्या गवतातून वाफ निघत होती.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाचा एक रिवाज होता. कुरणात नवं रोप उगवलं, की मानाच्या बैलाला झूल घालून तिथं न्यायचं. त्यानं खाल्लं तर रोप आपलं. त्यानं तोंड फिरवलं तर रोप परकं, मुळासकट उपटायचं.

त्या साली एक नवं फूल आलं. कुठून आलं, कोण जाणे. खरखरीत दातेरी पानं जमिनीला बिलगलेली, आणि त्यांतून वीतभर उंच एकच सरळ दांडी. टोकाला एवढंसं फूल, मधे पिवळं, कडेनं पांढुरकं. पोरं त्याला एकदांडी म्हणू लागली.

त्या सकाळी मानाच्या बैलाला तिथं नेलं. बैलानं ते हुंगलं आणि मान फिरवली.

"परकं आहे! चालवा खुरपी!" बैलाचा मालक ओरडला.

तेवढ्यात त्याचा शेजारी, एक म्हातारा मेंढपाळ, पुढं आला आणि एकदांडीच्या ताटव्यातच मांडी घालून बसला.

"लोकर कातरताना काल माझ्या मेंढीला कातर लागली," तो म्हणाला. "परमुलखातले मेंढके हाच पाला चुरगळून जखमेवर बांधतात, रक्त थांबतं. जखम भरेस्तोवर मला रोज ताजा पाला लागणार. हा उपटलात तर मेंढी हातची जाईल."

"आबा, तुम्ही बैलाहून शहाणे का?" मालकानं विचारलं.

"नाही रे लेका. पण त्याला बोलू तरी दे." म्हातारा बैलाकडं वळला. "काय रं पोवळ्या, पान कडू लागलं का?"

बैलानं मोठा ढेकर दिला. "चाखलंय कुणी? पहाटेपासून मानाच्या पोळ्या चारताय. आता अमृत आणलंत तरी तोंड फिरवीन."

लोक हसले. मालक चिडला. "मानाचा बैल उपाशी न्यायचा? आमच्या घरात असं कधी झालं नाही!"

"मग त्याला भूक लागेस्तोवर मी बसतो," म्हातारा म्हणाला.

ऊन चढलं, ऊन कललं. लोकांनी समजावलं, मग टोमणे मारले. "आबांना आता मुळं फुटली, खुरपं आणा!" म्हातारा जागचा हलला नाही.

दिवस मावळायला आला, तसा झाडाखाली रवंथ करत बसलेला बैल भूक लागून आपणच ताटव्याकडं परतला. त्यानं पानं हुंगली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग म्हाताऱ्याच्या मांडीखालचीही पानं ओढू लागला.

खुरपी घरी गेली. मेंढीची जखम भरली.

पुढं गवतकापणीत बैलाच्या मालकाच्याच बोटाला विळा लागला. तो ताटव्याकडं गेला, पाला चुरगळून बोटाला बांधला, आणि तसाच म्हाताऱ्याच्या दारात येऊन म्हणाला, "आबा, परक्याची पारख करायची, तर आधी पारखणाऱ्याचं पोट बघावं."