सरकारांच्या हातातला चेंडू

निंबगिरीच्या सरकारांना फुटबॉलचा भारी नाद, आणि त्या नादातच सगळा घोटाळा होता. संघात घ्यायच्या प्रत्येक फॉरवर्डची परीक्षा सरकार स्वतः घेत. म्हणजे काय, तर स्वतः गोलात उभे राहत! "आमच्या हातून सुटेल असा चेंडू मार आणि संघात ये!"

आता धन्याला गोल मारायचा कुणी? कोतवालाच्या भाच्यानं एकदा मारला. बक्षीस म्हणून त्याची नेमणूक थेट गडावर झाली, वानरं हाकायला! तेव्हापासून येणारा प्रत्येक पोरगा चेंडू मुद्दाम खांबाबाहेर घालवी, सरकार मिशीला पीळ देत, आणि दरवर्षी शेजारच्या देवखोल संस्थानाकडून निंबगिरी सपाटून मार खाई. "काय करणार! आमच्याकडे फॉरवर्डच जन्माला येत नाही," सरकार दिवाणजींना सांगत. दिवाणजी मान डोलावत. मान शाबूत ठेवायची तर ती डोलवावी लागतेच!

अशात मळेवाडीचा येसबा परीक्षेला आला. सोबत थोरली बहीण हौसा. निवड झाली की पागेत कायमची चाकरी, म्हणून येसबा आशेनं आलेला. हौसाला मात्र भावाच्या पायाचाच अभिमान. मळ्यातल्या दोन जांभळींच्या मधे उभी राहून तिनं वर्षानुवर्षं त्याचे चेंडू अडवायची धडपड केली होती, पण एकही कधी तिच्या हाताला लागला नव्हता.

सरकार गोलात उभे राहिले. डोक्याला जरीचा फेटा, पायात पांढरेशुभ्र बूट. येसबानं चेंडू मारला. थेट सरकारांच्या हातात! दुसराही हातात. तिसराही!

"वाहवा! काय अडवलाय!" दरबारी ओरडले.

"बावचळलं वाटतं मेलं!" हौसा मनातल्या मनात चरफडली. एवढा गोल मोकळा पडलाय आणि हा हातातच कसा मारतो? मग तिची नजर सरकारांच्या बुटांवर गेली. सकाळीच पाणी मारल्यामुळे मैदानावर चिखल होता, पण बुटांवर एक शिंतोडा नव्हता. सरकार जागचे हललेच नव्हते!

"कुचकामी पोरगा!" सरकार म्हणाले. "एक गोल होईना. चला, पुढचा बोलवा!"

हौसा फिस्सकन हसली. सरकारांच्या कपाळाला आठी पडली.

"कोण गं तू? हसायला काय झालं?"

"म्या हौसा, ह्याची थोरली भैन. सरकार, असला फॉरवर्ड हातचा घालवताय म्हणून हसू आलं."

"अस्सं? मग दाखव सिद्ध करून!" सरकार हट्टाला पेटले. "पण ऐक. आमच्यावर गोल झालेला आम्हांला खपत नाही. आणि दुसरा कुणी गोलात उभा राहिलेला आम्हांला पटत नाही. गोल न मारता हा गोल मारणारा आहे, असं दाखव! नाही जमलं तर दोघंही गडावर. वानरं फार माजलीत तिथं."

येसबाचं तोंड एवढंसं झालं. "आक्के, चल की घरला," तो कुजबुजला.

"गप ऱ्हा! मगाशी मारत हुतास तसंच मार." मग ती सरकारांकडे वळली. "सरकार, डोळ्यांस्नी पट्टी बांधा, आन् हात मनाला यील तिथं धरा."

"डोळे बांधून चेंडू अडवू? वेडी की काय!"

"सरकारांसारख्या गोलरक्षकाला डोळं कशाला लागत्यात?"

आता नाही कसं म्हणायचं! दिवाणजींनी खांद्यावरचं उपरणं काढून पट्टी बांधली.

सरकारांनी हात छातीशी धरले. धप्प! चेंडू हातात. डोक्यावर नेले. धप्प! मग त्यांनी लबाडीनं एकच हात बाजूला लांब केला. चेंडू बरोबर त्याच तळव्यावर येऊन आदळला.

"धन्य! धन्य! सरकार डोळे झाकूनसुद्धा अडवतात!" दरबाऱ्यांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

सरकारांनी पट्टी ओढून काढली. लाल झालेल्या तळहाताकडे पाहिलं, पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "पुरे!" ते गरजले. "हौसा, खरं सांग. हे चेंडू आम्ही अडवले का?"

हौसाला समोर गड स्पष्ट दिसत होता. पण आता माघार घ्यायची तर आलीच कशाला होती!

"न्हाई सरकार. तुमी अडवलं न्हाई, त्यानं पोचतं केलं! येवढ्या मोठ्या गोलात सरकारांचं हात केवढं? वीतभर! ते ह्याला बिनचूक घावत्यात. मग देवखोलच्या गोलरक्षकाचं हात तेवढं सोडून बाकीचा समदा गोल ह्याला घावंना व्हय?"

सरकार असे खदाखदा हसले, की फेटा सैल झाला. सरकार खरंच हसताहेत ना, याची खात्री करून घेऊन दिवाणजीही हसले.

"येसबा, आजपासून तू आमचा फॉरवर्ड! उद्या पागेत रुजू हो." सरकारांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातावर ठेवलं. "आणखी काय हवं, माग!"

"सरकार, कोतवालांच्या भाच्याला गडावरनं खाली बोलवा."

"त्याला? त्यानं आम्हांला गोल मारला होता!"

"म्हणून तर म्हणतीया! सरकारांच्या हातनं सुटंल असा चेंडू मारंल त्यो संघात, ही अट सरकारांचीच. अख्ख्या संस्थानात परीक्षा पास झालेला त्यो एकच गडी, आन् त्यो बसलाय वानरं हाकत!"

आता मात्र सरकारांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू फुटलं. "दिवाणजी, आत्ताच्या आत्ता गडावर स्वार धाडा! पोराला घेऊन या!"

"जी सरकार," दिवाणजी हात जोडून म्हणाले. "पण मग तिथली वानरं कोण हाकणार?"

सरकारांनी दरबाऱ्यांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"ह्यांना धाडा," ते म्हणाले. "टाळ्या फार जोरात वाजवतात!"