वरच्यांनी उपसलेला खालचा पाट

एकदा एका जुन्या दगडी बंधाऱ्यापाशी एक वृद्ध पाटकरी राहत असे. शेतोशेती पाणी वाटून देणं हे त्याचं काम. बंधाऱ्यातून निघालेला पाट पूर्वी चार गावांना भिजवी. पण वीस वर्षांत तो गाळानं बुजून गेला होता. तो पुन्हा वाहता करायचं चारही गावांनी ठरवलं.

पाटकऱ्याच्या शिष्यानं कामाची वाटणी केली: ज्यानं त्यानं आपल्या शेतालगतचा गाळ काढायचा. किती सरळ, नाही का? म्हाताऱ्यानं मात्र ती उलटी केली. वरच्यांनी शेवटचा पाट उपसायचा, शेवटच्यांनी वरचा.

सर्वांत वर एका गूळव्यापाऱ्याचा ऊस होता. व्यापारी उखडलाच. "अहो बाबा, शेत माझं इथं, आणि मी तीन कोस खाली जाऊन खपू? जन्मात गेलो नाही तिकडं!"

"म्हणूनच जा," म्हातारा म्हणाला.

गेला बिचारा, चडफडत. खाली, पाटाच्या अगदी शेवटच्या शेतात, सोनकाबाई नावाच्या बाईचं कांद्याचं रोप मान टाकत होतं. शनिवारपर्यंत पाणी आलं नाही, तर ते मेंढरांपुढं टाकायचं आणि वर्ष गेलं म्हणायचं. दुपारी व्यापाऱ्यानं प्यायला पाणी मागितलं. तिनं अर्धा तांब्या पुढं केला. "सांडू नका हो शेठ. टेकडीपलीकडून आणलंय." त्यानं रोपाकडं पाहिलं, आणि दोन घोट घेऊन तांब्या परत दिला.

शुक्रवारी सकाळी बंधाऱ्याचं दार उघडलं. व्यापारी पहिलं पाणी उसाला वळवणार, या धास्तीनं शिष्यानं तिथं दोन राखणदार उभे केले होते. व्यापारी फावडं घेऊन आला आणि आपल्याच शेताचं तोंड मातीनं बुजवू लागला. "बघता काय नुसते? हात लावा, झिरपतंय इथून!" तो राखणदारांवरच खेकसला. "ती बाई वाट बघत असेल."

शिष्य चकित झाला. "बाबा, यानं स्वतःहून कसं..."

"प्रत्येकाचा पाट आपल्या बांधापाशी संपतो," म्हातारा म्हणाला. "पुढचं शेत त्यानं पाहिलेलंच नसतं, मग आपण कुणाचं पाणी अडवतो, हे त्याला उमजणार कसं? गाळ काय, यंत्रानंही निघाला असता."

शिष्यानं राखणदारांना घरी पाठवलं आणि तो पाण्यासोबत खाली चालू लागला. दिवस मावळायच्या आत पाणी सोनकाबाईच्या वाफ्यांत शिरलं. पाटाची वाटणी करणाऱ्या त्या शिष्यानंही शेवटचं शेत तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.